गेटबाहेरची टोकदार खडी

सुकापूरच्या ‘हिरवाई हाइट्स’ सोसायटीने गेटबाहेर टाकलेली टोकदार खडी स्वतःच्या हातांनी उचलली आणि मासेवाल्या गंगाबाईंना त्यांची जागा मोकळी करून दिली. अभिनंदन! आता हे झालंच नाही असं समजा. कारण सोसायटीला विचारलंत तर अशी खडी तिथे कधी नव्हतीच, गंगाबाईंना कुणी उठवलंच नव्हतं, आणि सातव्या मजल्यावरच्या एका सभासदाच्या मते समुद्रात मासेही नसतात. तेव्हा नागरिकहो, काहीच घडलेलं नव्हतं तिथून सुरुवात करू.

तक्रार होती वासाची. गंगाबाई उरणकडच्या. इथे भात पिकायचा तेव्हापासून त्या या वळणावर पाटी घेऊन बसतात. गेट नंतर आलं. ‘हाइट्स’ तर त्याच्याही नंतर आल्या. निम्मी सोसायटी त्यांच्याकडूनच मासे घ्यायची. रविवारी सकाळी ‘मावशी, कोळंबी ताजी आहे ना?’ आणि सोमवारी सोसायटीच्या ग्रुपवर ‘गेटवर किती घाण वास!’ नंबर तोच, डीपीसुद्धा तोच. मासे हवेत, मासेवाली नको. ते कसं जमवायचं हे माशांनी बघावं.

अध्यक्ष कमलाकरराव बँकेतून निवृत्त झालेले, भले गृहस्थ. भली माणसं कुणाला तोंडावर ‘ऊठ’ म्हणत नाहीत, बरं दिसत नाही ते. कमिटीतल्या निनादने तोडगा काढला. निनाद आयटीत आहे, त्याच्याकडे तोडगे असतात.

‘‘काका, उठवायचं कशाला? तिथे बसताच येणार नाही असं लँडस्केपिंग करू. कुणाला काही बोलायला नको.’’

याला ‘सुशोभीकरण’ असं नाव पडलं.

खडीच्या डेपोतून नमुने आले. पार्किंगमध्ये ढीग लागले. बारीक कच, नदीचे गोटे, चाळीस एमएमची खडी. शहाण्या माणसाने विचारलं असतं, पाणी कुठे जाईल, चाक कसं फिरेल? कमिटीने विचारलं, सगळ्यात जास्त टोचतं कशावर? आणि कमिटी बसली. म्हणजे खरोखरच ढिगांवर बसली.

कचेवर निनादने ऐसपैस मांडी घातली आणि मोबाईल काढला. ‘‘रिजेक्ट. फारच कम्फर्टेबल आहे.’’ गोट्यांवर बसल्यावर त्याच्या कमरेलाच आराम पडला. तेही रिजेक्ट. पण रिसॉर्टसारखे दिसतात म्हणून गेटच्या आतल्या रस्त्यावर पसरायचे ठरले. मग चाळीस एमएम. क्रशरमधून नुकती निघालेली, प्रत्येक दगडाला कडा. तिच्यावर कमलाकरराव बसले आणि ‘‘आई गं!’’ करून उडाले.

टाळ्या पडल्या. ठराव एकमताने मंजूर!

सुशिक्षित माणसं टाळ्या वाजवत होती. एका म्हातारीला किती टोचेल याचा अंदाज बरोबर आला म्हणून!

खडी पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी गंगाबाई आल्या. खडीवर पाय ठेवून बघितला. मग पाटीखालचं गोणपाट काढलं, दुमडलं, खडीवर टाकलं आणि बसल्या.

कमलाकरराव फिरून परत येत होते. त्यांची मुलगी चारुता हेल्मेट काखेत मारून साइटवर निघाली होती. ती सिव्हिल इंजिनियर. दोघांची गेटवरच गाठ पडली.

‘‘मावशी,’’ कमलाकरराव म्हणाले, ‘‘तिथे नका बसू. टोचेल.’’

‘‘टोचतं ना दादा. दगड हाय तो, गादी नाय.’’

‘‘मग... दुसरीकडे बघा की.’’

‘‘कुठं बघू? करंजाड्याला जाऊन आले. तिथल्या बाया बोलल्या, आमालाच जागा नाय, तू कुठं घुसतेस? पाटी डोक्यावर घेऊन फिराया आता गुडघं नाय राहिलं. हितून उठले तर धंदाच बसला.’’ मग त्या जरा पुढे वाकल्या. ‘‘दादा, एक काम करा ना. ही खडी त्या बिल्डरनं टाकली असंल. तुमी मोठी मान्सं, तुमचं ऐकंल तो. त्याला सांगा, म्हातारी बाई बसते, जरा बारीक टाक म्हनावं.’’



‘‘सांगा ना बाबा,’’ चारुता म्हणाली. ‘‘बिल्डरला सांगा.’’

‘‘चारू, हे सुशोभीकरण आहे...’’

‘‘मी रोज खडी मागवते, बाबा! मागवताना पहिला प्रश्न एकच असतो, तिच्यावर काय येणार आहे? गाडी येणार असेल तर खाली दाबलेला मुरूम आणि वर हीच टोकदार खडी, कारण ती एकमेकांत अडकून राहते. गोटे झाडांच्या बुडाशी घालायचे, चाकाखाली ते पळतात. आणि माणूस येणार असेल तर बारीक कच अंथरायची, जरा उतार द्यायचा, पाणी मारून ठोकायची. तुम्ही सगळं उलटं केलंत! गाड्यांना गोटे दिलेत आणि माणसाला धार! तुम्ही तर बसून बघितलं होतंत. तुम्हाला माहीत होतं!’’

हो, माहीत होतं! अख्ख्या सुकापुरात गंगाबाईंना त्या घडीला काय होत होतं हे नेमकं ठाऊक असलेला दुसरा माणूस एकच होता, आणि खडी त्यानेच निवडली होती!

कमलाकरराव आत गेले ते माळ्याचं घमेलं घेऊनच आले आणि उकिडवे बसून खडी भरू लागले.

इतक्यात निनादची स्कूटर गोट्यांवरून घसरत घसरत गेटपर्यंत आली. निनाद तिच्या मागून आला.

‘‘काका, हे काय करताय? ठराव झालाय!’’

‘‘रद्द. धर हे घमेलं.’’

‘‘अहो पण वास...’’

‘‘रविवारी तुझ्या घरच्या कोळंबीचा वास लिफ्टमध्ये येतो. लिफ्टमध्ये खडी टाकू?’’

निनादने घमेलं धरलं.

‘‘बिल्डरनं ऐकलं वाटतं,’’ गंगाबाई म्हणाल्या.

कमलाकरराव थांबले. ‘‘बिल्डर नाही, मावशी. मी टाकली होती. तुम्ही उठावं म्हणून.’’

गंगाबाईंनी कोयता बाजूला ठेवला.

‘‘असं! मंग आजपासून तुमाला मासं साफ करून मिलनार नाय. घरी न्या, खवलं काढा, हात घान करा.’’

‘‘चालेल,’’ कमलाकरराव म्हणाले. रविवारी त्यांच्या बाल्कनीतून मांदेलीचे खवले खाली उडताना अनेकांनी पाहिले. तक्रार कुणी केली नाही.

उचललेली खडी आतल्या रस्त्यावर गेली, गोटे जास्वंदीच्या बुडाशी गेले आणि गेटबाहेर कच ठोकली गेली, पाणी गटाराकडे जाईल असा उतार देऊन.

नागरिकहो, तात्पर्य साधं आहे. अंगण करा, बाग करा, गाडीचा रस्ता करा, पण खडी निवडण्याआधी तिच्यावर कोण येणार ते विचारा. आणि कुणाला हाकलायचंच असेल तर समोर उभं राहून, नाव घेऊन, स्वतःच्या तोंडाने हाकला. लाज वाटते? मग ती लाजच बरोबर आहे, तिचं ऐका! आपल्या लाजेचं काम दगडाकडून करून घेणारा समाज कितीही मजले चढला तरी उंच होत नाही.

सबब, महसूल खात्यास विनंती की, सदर वळणावरील पट्ट्याच्या सातबारावर वहिवाटदार म्हणून श्रीमती गंगाबाई यांचे नाव लावावे. पिकाच्या रकान्यात ‘मांदेली, बोंबील, कोळंबी’ अशी नोंद घ्यावी. जलसिंचनाचे साधन या सदरी ‘अरबी समुद्र’ असे नमूद करावे. आणि तसा फेरफार मंजूर करून उलट टपाली कळवावे.