हातानंच आवळा

"पंपाला उचकी लागलीय," हे आतून म्हणाले, आणि माझा जीव भांड्यात पडला.

पोहण्याच्या तलावाच्या काठावर मी बसले होते. अंगात सुनेनं आणलेला पोहायचा पोशाख, वर टॉवेल, हातात काठी. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टर सांगत होते, पाण्यात चाला, नाहीतर पाय वाकायचा नाही. आमच्या ह्यांचा जन्म या तलावाचं पाणी राखण्यात गेला, पण मी कधी घोट्याएवढ्या पाण्यातही उतरले नव्हते. भीतीच वाटते मला, लपवायचं काय त्यात? आज-उद्या करत टाळत होते. शेवटी ह्यांनी मॅनेजरसाहेबांकडून दुपारचा तलाव माझ्यापुरता मागून घेतला.

आता सबब आयतीच चालून आली होती. क्लोरीन सोडणारा एक छोटा पंप असतो, तो कॅनमधून पारदर्शक नळीनं ओढून घेतो. नळीत हवेचे बुडबुडे शिरले की तो नुसताच टकटक करतो, पाण्यात थेंब जात नाही. हे त्याला उचकी म्हणतात. एरवी मी चेष्टेनं विचारलं असतं, कोण आठवण काढतंय त्याची? आज गप्प बसले. क्लोरीन नाही तर पाण्यात कोणी उतरायचं नाही, हा ह्यांचा नियम, आणि त्यात बायकोलाही सूट नाही.

पंपाच्या खोलीचं दार उघडं होतं. ह्यांनी कॅन पाहिला, भरलेला होता. नळीचं टोक तळाशी होतं. नळी पुसून चाचपली, कुठे चीर नाही. बुडबुडे आपले येतच होते. घामाघूम होऊन बाहेर आले आणि म्हणाले, राहू दे आज, पुन्हा कधीतरी बघू. तोंड एवढंसं झालं होतं.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण आज परत गेले असते तर पुन्हा आलेच नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि बिघाड काय असणार, तेही. ह्यांनी लावलेलं बरणीचं झाकण घरात कोणाच्या बापाला उघडत नाही.

"अहो," मी म्हटलं, "काल काही आवळलंत का?"

ह्यांनी पंपाकडे वळून पाहिलं. "नळीचा नट. तू येणार होतीस, म्हटलं ढिला राहायला नको."

"पान्ह्यानं?"

हे तडक आत वळले. पंप बंद करून, हातमोजे चढवून त्यांनी तो प्लॅस्टिकचा नट काढला. केसाएवढा तडा गेला होता, हवा तिथूनच शिरत होती. नवा नट घेतला तसं मी काठावरून बजावलं, "हातानंच आवळा." पान्हा त्यांनी मुकाट्यानं खाली ठेवला.

थोड्या वेळानं नळी पिवळसर भरून आली, मधे एकही बुडबुडा नाही. पाणी तपासून झालं आणि हे म्हणाले, चल.

पहिल्या पायरीवर मी आई गं म्हटलं, दुसरीवर ह्यांना चार शब्द सुनावले. पाणी कमरेला लागलं आणि गंमतच झाली, गुडघा दुखेचना. किती महिन्यांनी मी दोन्ही पायांवर सारखी उभी होते. मग कठडा सोडला आणि चालायला लागले.

हे काठानं माझ्या बरोबरीनं चालत होते. माझी काठी त्यांच्याजवळ होती, दोन्ही मुठींत घट्ट आवळलेली.

ह्या वेळी मी काही म्हटलं नाही.