मासे खोटं बोलत नाहीत

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजतो. कोल्हापूरजवळ विजयसिंहांच्या मासळीच्या तळ्यावर माझं आयुष्य गेलं. विजयसिंहांना माझी ऐट फार, अक्कल मात्र तितकी नाही.

माझ्या टोकाला केसाहून पातळ पडदा ताणलेला असतो. त्यातून प्राणवायू आत येतो, पाणी येत नाही. आत क्षाराचं द्रावण असतं आणि त्यात चांदी आणि शिसं. प्राणवायू चांदीपाशी पोचला की तो तिथं खर्ची पडतो, शिसं झिजतं आणि बारीकशी वीज वाहते. प्राणवायू जास्त तर वीज जास्त. मीटरवरचा आकडा म्हणजे तीच वीज. माझ्याजवळचा प्राणवायू मीच संपवतो, म्हणून मला पाण्यात हलवत राहावं लागतं. एवढं समजायला शहाणपण लागत नाही. विजयसिंह मात्र मला भाकरी आमटीत बुडवावी तसे बुडवायचे आणि काढायचे.

एकदा पडद्यावर शेवाळ धरलं. त्यांनी ते नखानं खरवडलं. पडदा फाटला. मी भलताच मोठा आकडा दाखवू लागलो आणि त्यांना वाटलं, तळं सुधारलं.

ढगाळ हवेचे दिवस होते; ऊन नसलं की तळ्यात प्राणवायू कमी बनतो. हुपरीहून पाहुणे आले होते. एका सकाळी त्यांना तळं दाखवताना स्वतःचं बोलणं नीट ऐकू जावं म्हणून विजयसिंहांनी पाणी घुसळून त्यात हवा मिसळणारा एअरेटर बंद केला. थोड्या वेळानं मासे वर येऊन तोंडं उघडमिट करू लागले. मासे आपल्याला ओळखतात, असं त्यांनी पाहुण्यांना अभिमानानं सांगितलं.

त्यांची पत्नी वर्षाराणी धावत आली. मासे गुदमरतायत, एअरेटर लावा, म्हणाली. त्यांनी तिच्यापुढं मीटर धरलं.

"आठ दावतंय, भरपूर हाय. मशीन खोटं बोलतंय व्हय?"

"मशीन एक हाय. मासं हजारभर हाईत. कुणाचं ऐकायचं?"

उत्तराची वाट न बघता तिनं बटण दाबलं. तोवर कितीतरी कटला मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. उरलेले वाचले. विजयसिंहांनी मला बोगस म्हणून बांधावर फेकलं. पाहुण्यांनी माना डोलावल्या. अशा माना डोलवायला काही लागत नाही.

वर्षाराणीनं मला उचललं. जुना पडदा काढला, द्रावण बदललं, आत बुडबुडा राहू न देता नवा पडदा ताणून बसवला आणि हवेत धरून तिथल्या ठरलेल्या प्राणवायूशी माझा आकडा जुळवला. मग पाण्यात सोडून हळूहळू हलवलं. आकडा तीन आला; माशांना निदान पाच लागतो. एअरेटर दिवसभर चालू राहिला.

मित्रांनो, मला कुणाची दया नको. पडदा स्वच्छ ठेवा, वेळेवर बदला, आणि आकड्याआधी तळ्याकडं बघा. हे जमत नसेल तर मला विकत घेऊन मिरवू नका.

आता रोज पहाटे ती मला पाण्यात सोडते. विजयसिंह लांबून विचारतात, "किती?" ती आकडा सांगते. सगळं कळल्यासारखी मान हलवून ते चहाला जातात.