बसवरचा चेहरा

शाळेच्या बसवर चिकटवलेला विद्यार्थिनी यारेत्सीचा हसरा फोटो, शाळेतूनच कॉलेजचे विषय शिकायच्या योजनेची जाहिरात: ‘शाळेत असतानाच कॉलेज!’ आईचं ऑपरेशन. त्या योजनेतल्या रसायनशास्त्राचे बुडलेले तीन आठवडे. कॉलेजच्या गुणपत्रिकेवर कायमचा नापास शेरा. त्यापायी हुकलेला नर्सिंगचा प्रवेश.

“विषय सोडायचा अर्ज कॉलेजात उशिरा पोचला, बाळा, म्हणून नापास धरलं,” शाळेच्या समुपदेशक मिसेस ओल्डहॅम म्हणाल्या. “कॉलेजची मुदत तेवीस ऑक्टोबर होती.”

“तुम्ही शाळेची मुदत धरून बसलात, मिस. डिसेंबरची!”

“कॉलेजात शिकायचं तर जबाबदारी आपली आपण घ्यावी लागते.”

“मग अर्जावर सही तुमची कशाला लागते?”

यारेत्सी तडक बाहेर गेली आणि बसवरचा फोटो नखांनी ओरबाडू लागली.

“ए पोरी, बस शाळेची आहे!” ड्रायव्हर ओरडला.

“तोंड माझं आहे!”

अर्ज तिने सोळा ऑक्टोबरला मिसेस ओल्डहॅमच्या हातात दिला होता.