दुसरा घोट

डोळे मिटा, आणि हातात पातळ काचेचा एक पेला धरला आहे असं समजा. प्यायचं नाही हं, नुसतं हुंगायचं. पेला जरा तिरका करा, नाक आत घाला आणि घाई करू नका. पहिला वास ज्याला त्याला येतो. तो जाऊ द्यायचा. त्याच्या मागे दुसरा उभा असतो, आणि दुसऱ्याच्या पाठीशी लपून तिसरा. त्या सकाळी अकराच्या सुमाराला नकटी नेमकं हेच करत होती, आणि पहिल्याच पेल्यात तिला तिन्ही सापडले होते: आलुबुखार, पेन्सिलीची साल, आणि अगदी तळाशी नवं चामडं.

आजोबांनी नुसत्या भुवया उंचावून विचारलं. तिने तीन बोटं दाखवली. चाखणी चालू असताना बोलायचं नसतं.

नकटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण तिच्या आजोबांचं नाक असं होतं की ते आधी खोलीत शिरायचं आणि आजोबा मागून यायचे. त्या नाकापुढे घरातली सगळीच माणसं नकटी ठरायची. गेली चाळीस वर्षं ते या कारखान्यात वाइनचे पारखी होते. कुठली लाल वाइन दोन वर्षांत पिऊन टाकायची आणि कुठली वीस वर्षं तळघरात आडवी ठेवायची, हे त्यांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची. नकटी दहा वर्षांची. सुट्टी लागली की ती त्यांच्याबरोबर यायची. घोट घ्यायला तिला बंदी होती, हुंगायला नव्हती. घरी आजोबांनी तिच्यासाठी झाकणाच्या बरण्या भरून ठेवल्या होत्या: एकीत ओला पुठ्ठा, एकीत कापून काळं पडलेलं सफरचंद, एकीत द्राक्षाचे हिरवे देठ. डोळ्यांवर रुमाल बांधून ती एकेक ओळखायची.

टेबलावर पांढरी चादर होती, रंग नीट दिसावा म्हणून. तिच्यावर तीन बाटल्या, गळ्यापर्यंत फडक्यात गुंडाळलेल्या. गुंडाळायचं काम बाटल्या धुण्याच्या खोलीत नकटीच्या आईने केलं होतं, त्यामुळे कुठल्या फडक्यात काय आहे ते टेबलाशी बसलेल्या तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. एका बाजूला कारखान्याच्या मालकीणबाई, त्यांच्या शेजारी तळघर सांभाळणारे काका, आणि समोर आजोबा. प्रत्येकापुढे एक चिठ्ठी. तिच्यावर एकच आकडा लिहायचा: ही वाइन अजून किती वर्षं जगेल.

तीनपैकी एक बाटली बाबांची होती.

नकटीचे बाबा याच कारखान्यात वाइन करायचे. नऊ वर्षांपूर्वीच्या हंगामात त्यांनी हट्ट धरला की द्राक्षांचे देठ काढायचे नाहीत, देठांसकट आंबू द्यायची. मालकीणबाई नको म्हणत होत्या. बाबा म्हणाले, देठांनी वाइनला हाडं येतात, वीस वर्षं जगेल, बघाच. मग एका दुपारी ते रिकाम्या केलेल्या टाकीत घासायला उतरले. द्राक्षं आंबताना जो वायू सुटतो तो टाकीच्या तळाशी साचून राहतो. आधी आत दिवा सोडून तो विझतो का ते बघायचं असतं. त्या दिवशी कुणी बघितलं नाही, आणि बाबा वर आलेच नाहीत. त्या वायूला वास नसतो. आजोबा चार हातांवर उभे होते, त्यांच्या त्या नाकासकट.

ती वाइन पुढे आजोबांनीच बाटल्यांत भरली. तीनशे बाटल्या. दर वर्षी मालकीणबाई विचारायच्या आणि दर वर्षी आजोबा म्हणायचे, अजून थांबू या. या वर्षी मालकीणबाईंनी थांबायचं नाही असं ठरवलं. त्या वाईट नव्हत्या. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त आकडा आला तर बाटल्या तळघरात राहतील आणि त्यांच्यावर बाबांचं नाव छापलं जाईल, असं त्यांनी कबूल केलं होतं. कमी आला तर सोमवारी सगळ्या फोडून व्हिनेगरच्या पिंपात.

सकाळी येताना नकटीने विचारलं होतं, "बाबांची चांगली निघेल ना हो?"

"निघेल तशी निघेल," आजोबा म्हणाले होते. "त्या टेबलापाशी मी बाप नाही आणि तू लेक नाहीस. आपण तिथे फक्त नाक."

दुसऱ्या पेल्याचा दुसराही घोट आजोबांनी गालांत घोळवला, छताकडे बघितलं आणि भांड्यात थुंकला. नकटीने भांडं पुन्हा मधोमध ठेवलं. पारखी माणूस कामावर घोट गिळत नाही. गिळला की डोकं जड होतं आणि जीभ खुशामत करायला लागते.

"या भांड्याने जन्मात प्यायली तितकी उंची वाइन कुण्या राजाने प्यायली नसेल," दुसरी चिठ्ठी उलटी ठेवत तळघरवाले काका म्हणाले. "आणि बघा, कधी झिंगत नाही."

"काका, तोंड आवरा," मालकीणबाई हसून म्हणाल्या.

तिसरी बाटली ओतली. आजोबांनी पेला चादरीवर तिरका धरला. मधोमध रंग होता, पण कडेला तो गार झालेल्या चहासारखा तपकिरी पडला होता. नकटीने तिच्यासाठी ओतलेला बोटभर पेला उचलला आणि नाक आत घातलं.

देठ.

चुकायचं कारणच नव्हतं. बरणीतला तोच वास, हिरवा, किंचित कडवट. तिची मानच ताठ झाली. ज्यांचा चेहरा तिला फोटोतूनच माहीत होता, ते बाबा त्या पेल्यात होते. शिकवल्याप्रमाणे तिने पहिला वास जाऊ दिला आणि मागच्याची वाट पाहिली.

मागे कुणीच उभं नव्हतं.

तिने पेला फिरवला, पुन्हा हुंगला. फळ नाही, चामडं नाही. अगदी तळाशी काळं पडलेलं सफरचंद आणि नाकाला झोंबणारं काहीतरी. आजोबा सांगायचे, तुरटपणा म्हणजे वाइनची हाडं आणि फळ म्हणजे तिचं मांस. वय झालं की मांस उतरतं, पण थोडं तरी राहायला हवं. इथे हाडं तेवढी उरली होती.

तिने आजोबांकडे बघितलं. त्यांचं नाक पेल्यात होतं. ते बाहेर आलं, पुन्हा आत गेलं. मग त्यांनी घोट घेतला. गाल हलले, थांबले. नकटीने सवयीने भांडं पुढे सरकवलं.

आजोबा वाकले नाहीत. त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली आणि सावकाश खाली आली.

आजोबांनी ओठ पुसले आणि चिठ्ठी ओढून घेतली.

"गिळलीत?" तळघरवाले काका म्हणाले. "चाळीस वर्षांत एकदाही... अहो, माझ्या लेकीच्या लग्नातली सुद्धा तुम्ही थुंकलीत!"

"ती थुंकण्यासारखीच होती," आजोबा म्हणाले. पण नेहमीसारखे हसले नाहीत.

मालकीणबाई आपल्या चिठ्ठीकडे बघत राहिल्या. "मी तीन लिहिले होते," त्या हळूच म्हणाल्या. "मला तर ती उतरलेली वाटली. माझीच जीभ बोथट झाली म्हणायची." आणि त्यांनी तीनवर काट मारली.

"मलाही जरा आंबूस लागली खरी," काका म्हणाले. "पण यांनी गिळली म्हटल्यावर आपण कोण?" त्यांनीही पेन उचललं.

आजोबांच्या पेन्सिलीचा कागदावर आवाज झाला. त्यांनी चिठ्ठी उलटी केली नाही, म्हणून नकटीला दिसलं. पंधरा. एकावर पाच. पाचाचं पोट नीट वळलं नव्हतं.

"पंधरा!" मालकीणबाईंचा आवाज भरून आला होता. "मग ही त्याचीच असू दे, देवा. नऊ वर्षं मला वाटत होतं, मी त्याला अडवलं आणि तो चिडून, घाईघाईत..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि बाटलीच्या फडक्याची गाठ सोडायला हात पुढे केला.

नकटीला सोमवार दिसत होता. फुटणाऱ्या बाटल्या, पिंप, रिकामी रांग. आणि तिला दुसरंही दिसत होतं: बाबांचं नाव छापलेली बाटली लांब कुठेतरी कुणीतरी उघडतंय, पेला नाकाशी नेतंय, नाक मुरडतंय आणि नाव वाचतंय. तीनशे वेळा.

"थांबा," ती म्हणाली.

चाखणीच्या खोलीत तिचा आवाज पहिल्यांदाच निघाला होता. मालकीणबाईंचा हात गाठीवरच राहिला.

"काय गं?"

"आजोबांचा दुसरा घोट राहिलाय. एका घोटावर आकडा लिहायचा नसतो. त्यांचाच नियम आहे."

"आहे खरा," काका म्हणाले. "मला किती वेळा बोलले असतील त्यावरून."

"राहू दे, नकटे," आजोबा म्हणाले. आवाज इतका खाली होता की तो तिच्यापुरताच होता. "या खेपेला राहू दे."

त्यांचे डोळे लाल झाले होते. टेबलावरचा हात चादरीची घडी चिमटीत धरून बसला होता. नकटीला वाटलं, आपण गप्प बसलो असतो तर संध्याकाळी आई हसली असती. गेली कित्येक वर्षं ती पोटभर हसली नव्हती.

"तुम्हीच म्हणालात ना," ती म्हणाली, "सकाळी."

आजोबांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी चादरीची घडी सोडली, पेला उचलला, आणि या वेळी नाक आत न घालताच घोट घेतला. त्यांचे गाल हलले. मालकीणबाई काहीतरी विचारणार होत्या, पण काकांनी त्यांच्या मनगटावर बोट टेकवलं.

नकटी खुर्चीवरून उठली. तिने भांडं दोन्ही हातांनी उचललं, टेबलाला वळसा घालून आजोबांपाशी गेली आणि ते त्यांच्या हनुवटीखाली धरलं. मग तिने मान वळवली आणि खिडकीकडे बघत उभी राहिली. बाहेर अंगणात धुतलेल्या बाटल्या उलट्या घालून ठेवल्या होत्या, आणि आई ओल्या हातांनी त्या मोजत होती.

मग भांड्याच्या तळाशी घोट पडल्याचा बारीकसा आवाज आला.

तिने भांडं हलू दिलं नाही.