भिंतीवरचा दुसरा हात

"येतंय बघ," तळहात भिंतीला टेकवून लहानू म्हणाला. "सात नंबरचा लूम. लंगडतोय."

धम्मदिनाने लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. भिंतीपलीकडच्या कारखान्यातले लूम, म्हणजे यंत्रमाग, भंगारात जाऊन वर्ष झाले, हे बापाला पुन्हा सांगायचा तिला कंटाळा आला होता.

लहानूने तीस वर्षे तिथे लूम दुरुस्त केले. कान त्यातच गेले. बिघाड तो तळहाताने ओळखायचा. भिंतीच्या या बाजूला, घरात, त्याची बायको शेवंता हात लावायची. दोघांनाही जाणवले तरच लूम बंद करायचा. उगाच थांबवला तर विणकराची मजुरी बुडायची. आठ महिन्यांपूर्वी शेवंता गेली, आणि लहानूला रोज दुपारी सात नंबर जाणवू लागला. म्हणून लेकीच्या काल्हेरच्या नव्या फ्लॅटात जायला तो तयार नव्हता.

लेक गुरुत्वीय लहरींचा अभ्यास करायची. "चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आत लेझर," ती मोठ्याने सांगू लागली. "लांब कुठे दोन कृष्णविवरं आदळली, की एक नळी इवलीशी लांबते, दुसरी आखडते. ट्रक, समुद्र, पावलं, सगळ्यांची थरथर वजा करायची. उरेल ते आकाशातलं. या भिंतीवर आठवडाभर यंत्र लावून मी तेच केलं. बाबा, काहीच उरलं नाही."

"आनि येकाच यंत्राचं तुम्ही खरं धरता?"

हजारो किलोमीटरवरच्या दुसऱ्या यंत्रातही तीच लहर दिसावी लागते, हे तिनेच त्याला कौतुकाने सांगितले होते. तेव्हा तो हसला होता, "म्हंजे मी आनि तुझी आय."

"लाव हात," तो म्हणाला. "येतंय म्हनलीस तर मी इथंच ऱ्हानार. न्हाय म्हनलीस तर चल."

शेवंताच्या हाताने चुन्यावर तेलकट डाग पडला होता. धम्मदिनाने तिथे हात ठेवला. भिंत गार होती. खोटे बोलणे किती सोपे होते!

"नाही येत, बाबा."

लहानूने मान हलवली. "तुझी आय पन खोटं न्हाय बोलायची." हात सदऱ्याला पुसून त्याने शेवंताचा फोटो खाली उतरवला.

टेम्पो भरला. कुलूप लावायला धम्मदिना एकटीच आली आणि जाता जाता तिने त्या डागावर पुन्हा हात ठेवला.

एक ठोका आला. मग जरा लंगडत दुसरा.

रस्त्यावर ट्रक नव्हता. आपलीच नाडी असेल म्हणून तिने मानेवर बोटे ठेवली. नाडी पळत होती. ठोका सावकाश येत होता.

"बाबा!" ती ओरडली. "बाबा, या! हात लावून बघा!"

बाहेर टेम्पोच्या पुढच्या सीटवर, फोटो मांडीवर घेऊन, लहानू समोर बघत बसला होता. त्याला ऐकू गेले नाही.