रिकाम्या परातीतलं सोनं

मित्रांनो, मी एक जुनी परात आहे. कणीक मळायची नव्हे, नदीच्या वाळूतून सोनं धुवायची. टोर्वाल्ड नावाच्या माणसाने मला पाठीवर बांधून बर्फाची खिंड ओलांडली. दोन वर्षं त्याने माझ्यात नुसती वाळूच हलवली. तो थंडीने गेला, तेव्हा त्याच्या भागीदाराने आधी त्याचे बूट काढले, मग मला उचललं. रडायला कोणाला सवड नव्हती.

आता आमच्या स्कॅगवे बंदरात सोन्यासाठी येतात ते जहाजातले पाहुणे. जहाज धक्क्याला लागलं की आमच्या दुकानापुढे रांग लागायची आणि म्हातारा हार्टविग माझ्यात वाळू धुऊन दाखवायचा. सोन्याचे चार कण तो वाळूत आधीच मिसळून ठेवायचा. पाहुणा रिकाम्या हाताने परतायचा नाही, अशी इथली रीत. तेवीस उन्हाळे त्याने मला शेगडीवर धरून कोरडं केलं, गंज म्हणून चढू दिला नाही. तेलाचा हात तर कोणाला लावूच द्यायचा नाही. तेलकट परातीतून कण तरंगून जातात म्हणायचा.

मग त्याचे डोळे अधू झाले. काम गेलं तर दुकानामागची खोलीही जाणार, म्हणून तो कोणाला बोलला नाही. मनगटाच्या अंदाजाने परात फिरवायचा आणि म्हणायचा, "हे बघा, तळाशी बसलंय." सोनं असायचंच, त्यामुळे निभावत होतं.

दुकानाच्या मालकिणीला, मार्लीसला, संशय आला. एका सकाळी तिने माझ्यातले चारही कण वेचून ॲप्रनच्या खिशात टाकले. रांग जमल्यावर ती गोड आवाजात म्हणाली, "हार्टविग, दाखवा की तुमची करामत."

त्याने मला फिरवलं. माझ्यात नुसती वाळू होती, मित्रांनो, आणि मला बोलता येत नव्हतं.

"हे बघा, चार कण," तो म्हणाला.

पुढची बाई वाकली. "कुठे? यात तर काहीच नाही."

"नीट बघा, बाई. दिसतील."

"नीट तुम्हीच बघा," मार्लीस म्हणाली. "आंधळ्याला सोनं शोधायला बसवलंय म्हणून लोक मला हसतील."

लोक हसलेच. काहींनी फोटो काढले. हार्टविग कितीतरी वेळ वाळूत बोट फिरवत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीला कुलूप लागलं. आता दुकानात प्लास्टिकची हिरवी परात आहे. मी दाराबाहेर पडलेय. माझ्यात सिगारेटी विझवतात. माझं काय, मी पत्रा. पण तुमच्या घरात कोणाला दिसेनासं झालं असेल, तर त्याची परीक्षा चारचौघांत घेऊ नका. त्या दिवशी एक कण टाकला असता तरी भागलं असतं. मार्लीसच्या खिशात चार होते.