पांढऱ्या ओळी

ते काम मी केलं. आधीच सांगून टाकतो, उगाच दुसऱ्या कोणाचं नाव नको.

मी जितेश, कुंभवलीचा. कॉम्प्युटर मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. पालघरला तीन महिन्यांचा क्लास केला, बाकी सगळं व्हिडिओ बघून. तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्याने मला गेटवर ऑपरेटर म्हणून घेतलं आणि गेटचं रजिस्टर कॉम्प्युटरवर करायला लावलं. मी केलं. पडद्यावर यादी. पुढच्या किंवा मागच्या गेटवर माणसाने कार्ड लावलं की त्याची ओळ उमटते. नाव, विभाग, आत किती वाजता, बाहेर किती वाजता. शेवटचा रकाना कोरा, म्हणजे माणूस आत. आणि आत किती, तो आकडा खालच्या चौकटीत.

तयार मिळणारी यादी सगळ्या ओळी सारख्याच रंगवते. मला ते पटेना. आठ दिवस डोकं खाजवल्यावर कळलं, की ओळ काढण्याआधी यादी आपल्या प्रोग्रामला विचारू शकते, ही कशी काढू? तिथे आपण सांगायचं. मी सांगितलं, उशिरा आलेला लाल, बाकीचे काळे. स्वतःवरच खूश झालो होतो.

ते रंग कृष्णकांत साहेबांनी पाहिले. ते मॅनेजर.

"ठेकेदाराची माणसं यात दिसतात," ते म्हणाले. "तपासणीवाले आले की विचारतात, एवढी माणसं कुठल्या कागदावर आहेत."

"काढून टाकू?"

"काढू नकोस. हजेरी लागते त्यांची. फक्त दिसायला नकोत."

मी एका ओळीत भागवलं. माणूस ठेकेदाराचा असेल तर अक्षरं पांढरी. मागचा कागदही पांढरा. मध्येच रिकामी जागा दिसून संशय नको म्हणून त्या ओळी तळाशी ढकलल्या, आणि आकड्यातूनही वगळल्या. हे शेवटचं साहेबांनी सांगितलेलं नव्हतं. ती माझी हुशारी. साहेब म्हणाले, "डोकं आहे तुला."

मैनामावशी बेटेगावची. आमच्या आईच्या माहेरची, म्हणून मावशी. ठेकेदाराकडे, मागच्या शेडमध्ये ड्रम धुवायची. हाताची कातडी सोललेली, तरी तोंड चालू. एक दिवस माझ्या खिडकीशी येऊन उभी राहिली.

"जितू, माजं नाव दाखव की रं तुज्या पेटीत. बगू दे, साहेबांच्या पंक्तीत कशी दिसते ती."

मला नाही म्हणवेना. मी खाली सरकून एका कोऱ्या ओळीवर क्लिक केलं. निवडलेली ओळ निळी होते. निळ्यावर पांढरी अक्षरं उठली, मैना बन्सी वरठा. मी दुसरीकडे क्लिक केलं, नाव गेलं.

"आँ! हात लावला तरच दिसते व्हय मी?"

"नवीन सिस्टीम हाय, मावशी."

"नवी कसली? आमची जुनीच रीत ती," म्हणाली आणि हसत शेडकडे गेली. मी पण हसलो. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

नंतर एका मंगळवारी सकाळी अकराला भोंगा झाला. मागच्या शेडला लागून असलेल्या प्लांट दोनमध्ये व्हॉल्व्ह फुटून वायू सुटला होता. सगळे पुढच्या मैदानात धावले. ठेकेदाराची माणसं मागच्या गेटने रस्त्यावर पळाली, कारण पुढून यायची त्यांना बंदीच होती. सुरक्षा अधिकारी अर्चना मॅडम, येऊन जेमतेम महिना झालेल्या, मैदानात डोकी मोजून माझ्या खिडकीशी आल्या.

"जितेश, आत किती दाखवतंय?"

"एक्केचाळीस."

"बाहेर एक्केचाळीस. जुळलं." त्यांनी अग्निशमनवाल्यांना सांगितलं, "आत कोणी नाही."

ते गाडीजवळच थांबले. रिकाम्या शेडमध्ये जीव कोण घालेल?

कृष्णकांत साहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. मला नोकरी दिसली, घरी आई दिसली. मावशी पळाली असेल, असं मी मनाला सांगितलं. भिंतीवरच्या घड्याळाची सहा मिनिटं मी अशीच घालवली. सहा. मोजलीत मी.

मग कंट्रोल आणि ए दाबलं.

सगळी यादी निळी झाली. तळाच्या कोऱ्या जागेत सतरा नावं उभी राहिली.

अर्चना मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या. "हे कोण?"

"आपलीच माणसं, मॅडम. मागच्या गेटची."

त्यांनी मोबाइलवर पडद्याचा फोटो घेतला आणि मागच्या गेटकडे पळाल्या. रस्त्यावर एकेक नाव ओरडून घेतलं. सोळा जणांनी ओ दिली.

मैनामावशी ड्रमांच्या मागे सापडली. तोंडावर ओला पदर घट्ट बांधलेला. श्वास चालू होता. बोईसरच्या दवाखान्यात नेली, तिथे दुसऱ्या दिवशी दुपारी वारली. थोडं आधी आणली असती तर, एवढंच डॉक्टर म्हणाले. थोडं म्हणजे किती, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

तिसऱ्या दिवशी साहेब खिडकीशी आले. प्रथमच खिडकीशी, नाहीतर मलाच वर बोलवायचे.

"चौकशीवाले उद्या येतील. तिची ओळ खोड. ती त्या दिवशी कामावर नव्हतीच."

"होती, साहेब."

"तू खोडलीस तर नव्हती. आणि पांढरी करणारा कोण, ते विसरू नकोस. आम्ही कोडला हात लावलेला नाही."

"माहीत आहे. म्हणूनच खोडत नाही."

ते गेल्यावर मी माझे ते सगळे बदल काढले. सतरा ओळी काळ्या झाल्या. आता तळाशी नाहीत, ज्याच्या त्याच्या वेळेप्रमाणे बाकीच्यांच्या मध्ये. खालचा आकडाही बदलला.

दुसऱ्या दिवशी चौकशीवाल्याने त्या मंगळवारची यादी उघडली आणि बोट खाली खाली नेत एका ओळीवर थांबवलं. मैना बन्सी वरठा. ड्रम धुलाई. आत, सात पन्नास. बाहेरचा रकाना कोरा.

"ही अजून आत कशी दाखवतेय?"

"कार्ड लावून बाहेर पडली नाही, साहेब. उचलून नेली."

"आणि ही नावं आधी दिसत नव्हती म्हणतात. कोणी लपवली?"

कृष्णकांत साहेब दारातच होते. त्यांनी काय सांगितलं होतं ते मी त्यांच्या तोंडावर सांगितलं. पण त्याआधी माझं नाव सांगितलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आणि त्याने ते लिहून घेईपर्यंत थांबलो.